उशिरा पिकणाऱ्या द्राक्षाचा मुलूख

१९९४ पर्यंत चिलीच्या मध्य खोऱ्यातल्या द्राक्ष बागायतदारांची मर्लो या वाईनच्या द्राक्षवाणाबद्दल एक तक्रार ठरलेली होती : बाग एकसारखी पिकत नाही. एकाच ओळीत, एकाच पाण्यावर वाढलेल्या वेलींपैकी काहींचे घड मार्चमध्ये तोडणीला येत, तर शेजारच्या वेलींवरचे मणी वरून काळेभोर दिसत असूनही आतून कच्चे असत. बी हिरवी, साल तुरट. तोडणी मात्र एकदाच व्हायची. मजुरांची टोळी, क्रेट, ट्रॅक्टर, वायनरीतली रिकामी टाकी हे सगळं एका तारखेला जुळवून ठेवलेलं असतं. वेलीवेलीला वेगळा मुहूर्त कोण देणार? त्यामुळे पिकलेलं आणि कच्चं एकत्र तोडलं जाई, एकत्र आंबवलं जाई, आणि त्या वाईनला ढोबळी मिरची चिरल्यावर सुटतो तसला हिरवा वास येई. चिलीचा मर्लो असाच असतो, असं म्हणत तो वास खपूनही जाई. नव्वदच्या दशकात परदेशी दुकानांत स्वस्त आणि गडद रंगाची लाल वाईन म्हणून या बाटल्यांना गिऱ्हाईक होतं, आणि खपणाऱ्या मालाची उलटतपासणी सहसा कोणी करत नाही.

ती एका फ्रेंच शास्त्रज्ञाने केली. ज्याँ-मिशेल बुर्सिको हे माँपेलिएचे द्राक्षवाणतज्ज्ञ. पानाची कातर, कोंबावरची लव, फुलाची ठेवण पाहून वाण ओळखणं ही त्यांची विद्या. सांतियागोतल्या परिषदेच्या निमित्ताने ते चिलीत आले होते आणि २४ नोव्हेंबर १९९४ रोजी मायपो खोऱ्यात विन्या कार्मेन या वायनरीच्या बागेत गेले होते. या तारखेला महत्त्व आहे, कारण दक्षिण गोलार्धात नोव्हेंबरअखेर म्हणजे द्राक्षाच्या फुलोऱ्याचा काळ. द्राक्षाचं फूल इतकं बारीक की लांबून ते फूल वाटतच नाही. त्याच्या पाकळ्या उमलत नाहीत, टोपीसारख्या एकसंध गळून पडतात. मग मधे इवलासा बीजकोश आणि भोवती पाच पुंकेसर उघडे पडतात. मर्लोचे पुंकेसर सरळ असतात. समोरच्या वेलींचे पिळलेले होते. कोवळ्या पानाखालची लवही मर्लोसारखी पांढरट नव्हती, तिच्यात तांबूस झाक होती. बुर्सिकोंनी निदान केलं की हा मर्लो नाही, हा कार्मेनेर आहे. बोर्दोचा हा जुना वाण फ्रान्समध्ये नामशेष झाल्यात जमा होता. पुढे डीएनए चाचण्यांनी त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि १९९८ मध्ये चिलीच्या कृषी खात्याने कार्मेनेरला स्वतंत्र वाण म्हणून मान्यता दिली.

ही गोष्ट वाईनच्या जगात हरवलेल्या आणि सापडलेल्या भावाच्या जुन्या हिंदी सिनेमासारखी सांगितली जाते. २४ नोव्हेंबर हा ‘कार्मेनेर दिन’ म्हणून साजराही होतो. सांगायला ती सोयीची आहे, पण तिच्यामुळे मुख्य मुद्दा झाकला जातो. कार्मेनेर सापडला म्हणून तो चिलीचा झाला असं नाही. सापडण्याआधी जवळपास दीडशे वर्षं तो चिलीच्याच मातीत होता, आणि त्या काळात तो कुणाचाच नव्हता. तो चिलीचा झाला १९९४ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत, जेव्हा बागायतदार त्याच्या पिकण्याच्या वेळेप्रमाणे स्वतःचं वेळापत्रक बदलायला शिकले. माझा दावा एवढाच आहे : द्राक्षाचा वाण एखाद्या प्रदेशाचा होतो तो तिथे जन्मल्यामुळे होत नाही, नुसत्या तिथल्या मातीमुळेही होत नाही. त्या प्रदेशाच्या ऋतूंत बसेल अशी त्या वाणाची वहिवाट तिथले लोक बसवतात तेव्हा होतो. ‘प्रादेशिक’ हे विशेषण वेलीपेक्षा मशागतीला अधिक लागू पडतं.

याचा पहिला पुरावा कार्मेनेरच्या जन्मगावातूनच मिळतो. बोर्दोच्या मेदोक भागात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात हा वाण चांगल्या बागांमध्ये होता. काबर्ने फ्राँ हा त्याचा एक जनक, म्हणजे काबर्ने सोविन्यों आणि मर्लो यांचा तो नात्यातलाच; त्या दोघांच्या जन्मातही काबर्ने फ्राँचा हात आहे. रंग, भरीवपणा, चव यांबद्दल त्याची कीर्ती होती, तक्रार होती ती पिकाची. बोर्दो अटलांटिकच्या काठावर आहे. तिथे जूनमध्ये, नेमका फुलोरा असताना, गारवा आणि पावसाची झड आली की कार्मेनेरची फुलं मणी न धरताच गळतात. आपल्याकडे फुलोऱ्यात अवकाळी आला की होणारी गळ द्राक्षवाल्यांना समजावून सांगावी लागत नाही; तिथे ती या वाणाच्या बाबतीत नेहमीचीच होती. शिवाय तो मर्लोपेक्षा तीन-चार आठवडे, कधी त्याहूनही उशिरा पिकतो, म्हणजे शरदातल्या पावसाची टांगती तलवार. थोडक्यात, सुरुवातीला थंडी आणि शेवटी पाऊस या दोन्ही टोकांकडून बोर्दोचा ऋतू त्याला आखूड पडत होता. मग आला फायलोक्सेरा. अमेरिकेतून आलेली मुळं खाणारी ही बारीक कीड १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये पसरली. फ्रान्सचं वाईन उत्पादन १८७५ मध्ये ८.४ कोटी हेक्टोलिटर होतं, ते १८८९ पर्यंत २.३ कोटींवर आलं. अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलीचं कलम करणं हा उपाय सापडला आणि साऱ्या बोर्दोला बागा नव्याने लावाव्या लागल्या. नव्याने लावतानाच माणूस हिशेब करतो. खर्च करून कलमं करायचीच, तर भरवशाचा मर्लो करावा. लहरीने मणी धरणारा कार्मेनेर कशाला? कार्मेनेर किडीने मेला असं सर्रास लिहिलं जातं. खरं तर कीड सगळ्याच वाणांवर आली होती. कार्मेनेर वगळला गेला तो पुनर्लागवडीच्या वहीत.

म्हणजे ज्या प्रदेशात हा वाण जन्मला त्या प्रदेशाने, पर्याय मिळताच, त्याला सोडून दिलं. जन्मस्थान हाच निकष धरला तर कार्मेनेर आजही बोर्दोचा म्हणायला हवा, आणि कागदोपत्री तो आहेही; बोर्दोच्या लाल वाईनसाठी परंपरेने मान्य असलेल्या सहा वाणांच्या यादीत त्याचं नाव कायम आहे. पण यादीत नाव असणं आणि शेतात वेल असणं यांत केवढं अंतर असतं, हे सातबाऱ्यावरची पीकनोंद आणि प्रत्यक्ष उभं पीक यांची गाठ घालून पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

चिलीत हा वाण पोचला तो फ्रान्समध्ये फायलोक्सेरा येण्याच्या थोडं आधी, आणि साऱ्या पुढच्या इतिहासाची किल्ली या ‘थोडं आधी’मध्ये आहे. खाणींवर आणि व्यापारावर श्रीमंत झालेल्या चिलीतल्या घराण्यांना फ्रेंच पद्धतीच्या बागा हव्या होत्या. १८५१ मध्ये सिल्व्हेस्त्रे ओचागाविया यांनी फ्रान्सहून उत्तम वाणांच्या काड्या मागवल्या, याचं श्रेय परंपरेने त्यांना दिलं जातं. त्या जुड्यांमध्ये मर्लो आणि कार्मेनेर मिसळलेले आले. त्या काळी फ्रान्समध्येही बागा मिश्र असत, त्यामुळे यात कुणी फसवणूक केली असं नाही. पुढे फ्रान्स किडीने उद्ध्वस्त झाला, चिली मात्र सुटला. उत्तरेला अटाकामाचं वाळवंट, पूर्वेला अँडीज, पश्चिमेला पॅसिफिक, आणि आजही कडक असलेले विलगीकरणाचे नियम. चिलीतल्या कितीतरी वेली आजही कलमाशिवाय, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. काडी कापायची, मातीत खोचायची, नवी वेल तयार. यात सोय होती आणि घोटाळाही होता, कारण ज्या बागेतून काड्या घेतल्या त्या बागेतली सरमिसळ जशीच्या तशी पुढच्या बागेत जात राहिली. कलमांच्या रोपवाटिकेत निदान कुणीतरी वाणाची चिठ्ठी तपासतो. इथे ती वेळच आली नाही.

हवामान मात्र या वाणाला बोर्दोपेक्षा कितीतरी मानवणारं होतं. मध्य चिलीत पाऊस हिवाळ्यात पडतो. फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत आभाळ बहुतेक कोरडं, दिवसा ऊन, रात्री समुद्राकडून आणि डोंगराकडून येणारा गारवा. उशिरा पिकणाऱ्या वाणाला आणखी काय हवं? तरीही सव्वाशे-दीडशे वर्षं तो इथे नीट पिकला नाही, कारण त्याला मर्लोच्या तारखेला तोडत होते. ऋतू लांब होता. माणसांनीच तो आखूड करून ठेवला होता. दोन इयत्तांची मुलं एका वर्गात बसवून एकाच दिवशी एकच परीक्षा घ्यावी आणि अर्धा वर्ग नापास झाला की शाळेच्या जागेला दोष द्यावा, तसं हे चाललं होतं. माती आणि हवा यांनाच सारं श्रेय देणाऱ्यांना या दीडशे वर्षांचा हिशेब द्यावा लागेल. माती तीच, हवा तीच, वेलही तीच. मग १९९४ च्या आधीची आणि नंतरची वाईन वेगळी का?

याचं उत्तर त्या ढोबळी मिरचीच्या वासात आहे. हा वास मेथॉक्सिपायराझिन गटातल्या एका संयुगाचा, आणि खऱ्या ढोबळी मिरचीतही तेच असतं. काबर्नेच्या घराण्यातल्या वाणांमध्ये ते आढळतं. कार्मेनेरमध्ये तर विशेषच. माणसाचं नाक त्याला इतकं तीक्ष्ण की लाल वाईनमध्ये लिटरमागे दहा-पंधरा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागाच्या दहा-पंधरा पट, एवढ्यानेही ते ओळखू येतं. मणी हिरवा असताना ते साठतं, आणि मण्यात पाणी उतरू लागलं की हळूहळू कमी होत जातं. साखर वाढण्याचा वेग आणि हे संयुग उतरण्याचा वेग मात्र एकमेकांना बांधलेले नाहीत. कार्मेनेरचं दुखणं हेच आहे. रंग आला, साखरेचा ब्रिक्स चोवीसवर गेला, मोजमापाच्या यंत्राने ‘तोडा’ म्हटलं, तरी वास गेलेला नसतो. मर्लो मार्चमध्ये तोडला तर कार्मेनेरला एप्रिलअखेर, कधी मेपर्यंत थांबावं लागतं. तेवढं थांबायचं म्हणजे साखर आणखी वाढणार, आम्लता उतरणार, वाईनमधला अल्कोहोल चढणार. कार्मेनेरची आम्लता मुळातच कमी. नुसतं ‘उशिरा तोडा’ म्हणणं सोपं आहे. हिरवेपणा जाईपर्यंत थांबावं तर वाईन जड आणि मुरंब्यासारखी होते, आधी तोडावं तर मिरची.

या कात्रीतून सुटका मशागतीनेच होते, आणि चिलीतल्या बागायतदारांनी पुढच्या वर्षांत जे शिकून घेतलं त्यात चमत्कार काहीच नाही, होती ती चिकाटी. पहिलं काम वेली वेगळ्या करण्याचं. वसंतात कोंब फुटताना तांबूस लव दिसते आणि पानगळीच्या आधी कार्मेनेरची पानं किरमिजी लाल होतात. या दोन वेळांना बागेतून फिरून वेलींवर खुणा करायच्या, मग तोडणी वेगळी करायची, नव्या लागवडीसाठी काड्या फक्त खुणेच्या वेलींवरून घ्यायच्या. दुसरं काम छाटणीचं. या वाणाच्या काडीचे तळाचे डोळे फारसे फलधारक नसतात, त्यामुळे आखूड छाटली की फूट भरपूर आणि घड मोजके. काडी लांब ठेवावी लागते. तिसरं काम पानांचं. फुलोऱ्यानंतरच्या आठवड्यांत घडाभोवतीची पानं काढून मण्यांना ऊन दाखवलं तर ते हिरवं संयुग मुळात साठतंच कमी. वेळ चुकवून, मणी रंगल्यावर पानं काढली तर तेवढा उपयोग होत नाही, आणि चिलीचं ऊन इतकं कडक की दुपारच्या बाजूची पानं काढली तर मणी भाजतात. म्हणून सकाळच्या उन्हाची बाजू उघडी करायची, दुपारची झाकलेली ठेवायची. चौथं काम पाण्याचं. ठिबकचं पाणी हात सैल सोडून दिलं तर वेल शेवटपर्यंत शेंडा वाढवत राहते आणि सारी ताकद पाल्यात जाते. पार तोडलं तर तळाची पानं वाळून गळतात आणि मे महिन्यापर्यंत घड पिकवायला पानंच उरत नाहीत. शेंडा थांबावा पण पान टिकावं, इतकंच पाणी द्यायचं.

इथे मातीचा विषय परत येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. काचापोआल नदीकाठचं पेऊमो, कोल्चाग्वा खोऱ्यातलं अपाल्ता ही नावं आज उत्तम कार्मेनेरची म्हणून घेतली जातात. पेऊमोची माती खोल आणि चिकणमातीची. ती ओल धरून ठेवते, त्यामुळे उन्हाळाभर वेल एकदम ताणावर येत नाही, पानं टिकतात, आणि उशिराच्या तोडणीपर्यंत थांबण्याची मुभा मिळते. मातीचा वाटा असतो, तर तो असा : ती वाईनमध्ये गूढ चव उतरवत नाही, बागायतदाराला वेळ देते. उथळ, रेताड जमिनीवर कार्मेनेर लावणाऱ्यांनी हा वाण वाईट आहे असा निष्कर्ष काढला. त्यांच्या जमिनीवर त्याला थांबायला वेळ मिळत नव्हता.

आता आक्षेप. पहिला असा की, हा सगळा नावाचा खेळ आहे. मर्लोच्या बाटल्या जगात ढीगभर. चिलीला गर्दीत उठून दिसायला एक खास नाव हवं होतं, ते बुर्सिकोंनी आयतं दिलं, बाकी जाहिरातवाल्यांनी केलं. या म्हणण्यात तथ्य आहे. अर्जेंटिनाला माल्बेक आहे, मग आपल्यालाही एक ध्वज हवा, ही भाषा चिलीत झालीच. कार्मेनेरखालचं नोंदलेलं क्षेत्र १९९७ च्या सुमारास काही शे हेक्टर होतं, ते दीड-दोन दशकांत दहा हजार हेक्टरच्या घरात गेलं. यातली बरीच वाढ नव्या लागवडीची नाही, जुन्या बागांची नोंद बदलल्याची आहे, हेही लक्षात घेतलं पाहिजे. पण जाहिरातीनेच वाण प्रादेशिक होत असता, तर आज चिलीच्या लाल द्राक्षांत कार्मेनेर पहिला असायला हवा होता. पहिला काबर्ने सोविन्यों आहे आणि दोघांच्या क्षेत्रांत फार मोठं अंतर आहे. नावाच्या जोरावर घाईने विकलेल्या सुरुवातीच्या कार्मेनेरवर ‘हिरवा’ म्हणून टीका झालीच. बाजारात ज्या बाटल्यांनी मत फिरवलं त्या उशिरा तोडलेल्या, निवडक बागांच्या होत्या : कोंचा इ तोरोची ‘कार्मीन दे पेऊमो’, मोंतेसची ‘पर्पल एंजल’. अपाल्तातल्या लापोस्तोल घराण्याच्या ‘क्लोस अपाल्ता’च्या २००५ सालच्या वाईनमध्ये कार्मेनेरचा मोठा वाटा होता, अमेरिकेच्या ‘वाईन स्पेक्टेटर’ने २००८ मध्ये तिला वर्षातली पहिली वाईन ठरवलं. नाव आधी मिळालं होतं, मान मशागत बसल्यावर मिळाला.

दुसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे. खरं नाव कळलं म्हणून मशागत सुधारली, असं मी म्हणत असेन तर चीनचं काय? शानदोंगच्या यानताई भागात आणि पुढे निंग्शियात ‘काबर्ने गेर्निश्ट’ नावाचा एक लाल वाण लावला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातून आलेल्या वेलींपैकी हा एक. चिनी वाईन उद्योगाने तो आपला खास वाण म्हणून मिरवला. डीएनए तपासल्यावर तोही कार्मेनेरच निघाला. इटलीच्या ईशान्येला व्हेनेतो भागात जो ‘काबर्ने फ्राँ’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या प्यायला जात होता, त्यातलाही बराचसा कार्मेनेर होता, आणि तिथल्या लोकांना तो हिरवा वास चक्क आवडत होता. चुकीच्या नावाने दोन प्रदेशांनी याच वाणाला आपलं मानलं, मग नावाला एवढं महत्त्व कशासाठी?

हा आक्षेप माझ्या मुद्द्याला धक्का देण्याऐवजी त्याला धार लावतो. चिलीत अडचण नाव खोटं असण्याची नव्हतीच. ते दुसऱ्या वाणाबरोबर वाटून घेतलेलं होतं, ही अडचण होती. चीनमध्ये नाव चुकलेलं असलं तरी वेगळं होतं, म्हणून बागही वेगळी, तोडणीही वेगळी. व्हेनेतोत नाव वाटून घेतलेलं होतं खरं, पण हिरवा वासच आवडत असल्याने तिथे ती अडचण वाटली नाही. चिलीत दोन वाणांना एक नाव आणि म्हणून एक तारीख. आणि याला चिलीतच एक सुंदर अपवाद आहे. पेऊमोच्या भागातल्या लोकांना आपल्याकडचा मर्लो इतरांसारखा नाही हे १९९४ च्या आधीच उमगलं होतं; ते त्याला ‘मर्लो पेऊमाल’ म्हणत, मर्लोचाच एक स्थानिक प्रकार समजत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे चूक. पण शेतीच्या दृष्टीने ते बरोबरच्या फार जवळ होतं, कारण फरक त्यांनी पाहिला होता आणि त्याला वेगळं नाव दिलं होतं. आज कार्मेनेरच्या उत्तम जागांमध्ये पेऊमोचं नाव आधी येतं. बुर्सिकोंच्या तज्ज्ञतेबद्दल पूर्ण आदर ठेवूनही हे म्हणायला हवं की बागेत रोज वावरणाऱ्या माणसाची नजर त्यांच्या अर्ध्या वाटेपर्यंत आधीच गेली होती.

तिसरा आक्षेप चिलीतूनच येतो : कार्मेनेर हा चिलीचा म्हणता, मग पाईसचं काय? स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणलेला हा साधा लाल वाण माउले आणि इताताच्या टेकड्यांवर पावसाच्या पाण्यावरच शेकडो वर्षं टिकून आहे. त्याच्या जुन्या, झुडपासारख्या वेली छोट्या शेतकऱ्यांच्या आहेत. कार्मेनेर मात्र श्रीमंत घराण्यांच्या हौसेने फ्रान्सहून आला. या आक्षेपाला माझं उत्तर नाही, कबुली आहे. माझाच निकष लावला तर पाईसचा हक्क कार्मेनेरइतकाच, कदाचित काकणभर जास्तच आहे, कारण त्याची वहिवाट बसवायला कुणा परदेशी तज्ज्ञाची गरज पडली नाही. एका देशाचा एकच वाण असावा हा हट्ट निर्यातदारांचा आहे, शेतीचा नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सारं परकं वाटू नये. बागेतल्या हजार वेलींत एक काडी वेगळी दिसते, ती ओळखायची आणि राखायची, ही नजर आपल्या द्राक्षपट्ट्यात आहे. थॉम्पसन सीडलेसच्या वेलींतून तासगावकडे तास-ए-गणेश निघाला. सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे यांनी सोनाका निवडला, आणि किशमिश चोर्नी या बाहेरून आलेल्या काळ्या वाणातून शरद सीडलेस. जन्म परका, निवड आणि वहिवाट इथली. खाण्याच्या द्राक्षात आपण हे केलं. वाईनच्या लाल द्राक्षात अजून नाही. नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन आहे, पण तिथला शिराझ, काबर्ने हे अजून पाहुणेच म्हणायचे. आपल्याकडचा पेच चिलीच्या उलटा आहे. तिथे ऋतू लांब होता आणि तारीख चुकत होती. इथे वेल झोपतच नाही, ऋतू कात्रीने तयार करावा लागतो. एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी, सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी, आणि मार्चचं ऊन तापायच्या आत तोडणी. कार्मेनेरला चिलीत नुसत्या फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत पाच महिने लागतात. आपल्याकडे साधारण तेवढ्यात छाटणीपासून तोडणीपर्यंतचा सारा प्रवास उरकतो. उष्णतेने मुदत आखडते हे खरं, पण उष्णता साखर लवकर चढवते, हिरवा वास तेवढ्याच घाईने जाईल याची हमी देत नाही. म्हणून कार्मेनेर आणून लावा, असं कुणी सुचवलं तर ते चिलीच्या गोष्टीतून नेमका उलटा धडा घेणं होईल. नाशिकचा लाल वाण कोणता, हे ऑक्टोबर ते मार्च या चौकटीत कोण नीट पिकतो यावर ठरेल, आणि ते ठरायला बागेतल्या माणसाने नुसता ब्रिक्स न मोजता बी चावून पाहण्याची सवय लावून घ्यावी लागेल.

बसलेली वहिवाट कायमची असते असंही नाही. मध्य चिलीत २०१० पासून दीर्घ दुष्काळाने ठाण मांडलं. अँडीजवरचा बर्फ कमी, म्हणून नदीचं पाणी कमी. मे महिन्यापर्यंत वेलीवर पान टिकवायला लागणारी ओल महाग झाली. दुसरीकडे, पिकून जड झालेल्या वाईनचा लोकांना कंटाळा आला आहे. त्यामुळे गेल्या काही वर्षांत चिलीतले बरेच वाईनकार कार्मेनेर आधी तोडू लागले आहेत. त्या ढोबळी मिरचीच्या वासाचा थोडा अंश राहिला तर राहू दे, तो या वाणाचा गुणच आहे, असं ते म्हणतात. जो दोष घालवण्यात एक पिढी गेली तोच ते आता जपून, बेताने परत आणत आहेत. फरक इतकाच की पूर्वी तो अजाणता येत होता, आता किती ठेवायचा हे ठरवून ठेवतात. आणि बोर्दोत उन्हाळे तापत चालले तसे क्लेर मिलोंसारख्या मेदोकमधल्या बागांनी राखलेल्या थोड्याशा कार्मेनेरकडे कुतूहलाने पाहिलं जाऊ लागलं आहे. ब्रान-कांतनाकने तो पुन्हा लावलाही आहे. तिथल्या जूनमध्ये आता पूर्वीइतका गारठा नसतो आणि शरदातही ऊन लांबतं. पुढच्या वीस-तीस वर्षांत तिथे तो मणी धरू लागला, तर बोर्दोच्या बागायतदारांना त्याची छाटणी, पाला आणि पाणी चिलीवाल्यांकडून शिकावं लागेल.